पेटीवरचा फोन आणि माईकमधली टर्रटर्र

आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला, काजूच्या बागेपलीकडे, मोबाइलचा नवा टॉवर उभा राहिला. जुलै 2022 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रेंज नसलेल्या 24,680 गावांत 4जी पोचवायची योजना मंजूर केली, त्यानंतर आडगावांतही असे टॉवर दिसू लागले. जत्रेच्या दिवशी मी देवळाच्या सभामंडपात माईक टांगत होतो, तेव्हा आमचे एक काका खालून म्हणाले, "टॉवर इलो मां, आता तुझ्या रेकॉर्डिंगाची वाट लागतली."

काकांची काळजी खरी होती. मी दशावतार आणि भजनाच्या डबलबाऱ्या, म्हणजे दोन बुवांचे भजनाचे सामने, रेकॉर्ड करतो आणि मोबाइलच्या आवाजाने बिघडलेली रेकॉर्डिंग त्यांनी माझ्याकडेच ऐकली होती. टॉवर म्हणजे मोबाइलच्या लहरी, लहरी वाढल्या म्हणजे त्रास वाढणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात बहुतेक वेळा याच्या उलट घडतं. ते का, हे समजलं की फारसा खर्च न करता रेकॉर्डिंग वाचवता येतं.

वाचवायला हवंच, कारण दशावतारी नाटकाला लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेलं असतं, पण संवाद नट रंगमंचावर उभ्या उभ्या रचतो. आज रात्री राजाच्या तोंडून जे आलं ते उद्या दुसऱ्या गावच्या जत्रेत तसंच येणार नाही. त्यामुळे खराब झालेला भाग पुन्हा घेता येत नाही.

तो आवाज ओळखायचा कसा

फोन वाजायच्या एक-दोन सेकंद आधी स्पीकरमधून "टुक्-टुक् टुक्-टुक् टुक्, टर्रर्र" असा आवाज येतो, तो बहुतेकांनी ऐकलेला असतो. पूर्वी रेडिओजवळ फोन ठेवला की हमखास यायचा. हाच आपला चोर.

त्याला दुसऱ्या आवाजांत मिसळू नका. अखंड "घूं" असा जाड आवाज येत असेल तर तो विजेचा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकावे खाणारी, त्यामुळे 50 किंवा 100 हर्ट्झचा घुमारा उठतो. अर्थिंग नीट नसलं किंवा दोन यंत्रं दोन वेगळ्या ठिकाणच्या प्लगला लावली की तो येतो. जनरेटर आणि रंगीत दिव्यांच्या डिमरची करकर वेगळी असते. फोनचा आवाज तुटक असतो, अचानक येतो आणि अचानक जातो.

आणखी एक तपासा. तो आवाज रेकॉर्डिंगमध्ये गेलाय, की फक्त तुमच्या हेडफोनमध्ये किंवा बाजूच्या स्पीकरमध्ये शिरलाय? एका डबलबारीत मी अर्धा तास हवालदिल होतो आणि घरी येऊन ऐकलं तर फाइल स्वच्छ होती. टर्रटर्र माझ्या हेडफोनच्या वायरीत येत होती, कारण माझाच फोन माझ्या खिशात होता.

न ऐकू येणारी लहर ऐकू कशी येते?

मोबाइलची लहर आपल्या कानाच्या आवाक्याबाहेरची आहे. 900 मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला 90 कोटी हेलकावे. माणसाला फार तर 20 हजारांपर्यंत ऐकू येतं. मग ही टर्रटर्र कुठून येते?

वाडीतला सार्वजनिक नळ आठवा. नळ एक, घरं आठ. प्रत्येक घराला ठरलेली वेळ. आपली पाळी आली की नळ उघडायचा, कळशी भरायची, बंद करायचा. 2जी, म्हणजे 4जीच्या आधीच्या जुन्या पद्धतीचे, फोन असेच चालतात. एका वाटेवर आठ फोन पाळीपाळीने बोलतात. प्रत्येकाच्या वाट्याला अर्ध्या मिलिसेकंदाहून थोडा जास्त वेळ येतो, मग पुढच्या सात जणांच्या पाळ्या होईपर्यंत गप्प. असा प्रत्येक फोन सेकंदाला 217 वेळा उघडतो आणि मिटतो. नळातलं पाणी वाहतं तेव्हा आवाज नसतो, पण नळ झटक्यात बंद केला की पाइप धडधडतो. इथेही तसंच. लहर ऐकू येत नाही, तिची उघडझाप 217 हर्ट्झची असते आणि ती कानाच्या अगदी आवाक्यात येते.

पण नुसती उघडझाप पुरेशी नाही. ती पकडणारं काहीतरी यंत्रात असावं लागतं. खाडीकाठच्या लोकांना हे लगेच समजेल. खारभूमीच्या बांधाला उघाडी असते, पाण्याला एकाच बाजूने वाट देणारी झडप. शेतातलं पाणी बाहेर जातं, भरतीचं खारं पाणी आत येत नाही. आता ती उघाडी कुणी उलटी बसवली असं समजा. प्रत्येक लाटेसरशी थोडं पाणी आत येईल आणि परत जाणार नाही. लाटा कितीही भराभर येवोत, शेतातली पातळी चढत जाईल. लाटा थांबल्या की ती हळूहळू झिरपून उतरेल.

माईक, मिक्सर (सगळ्या माईकचे आवाज एकत्र करणारं यंत्र), रेकॉर्डर यांच्या आत सगळीकडे ट्रान्झिस्टर आणि आयसी, म्हणजे चिपा, असतात. लहर फार जोरात आली की ते अशा उलट्या उघाडीसारखे वागतात. 90 कोटी हेलकाव्यांचा अर्धा भाग आत घेतात, अर्धा अडवतात. फोनची पाळी आली की आतली पातळी चढते, पाळी संपली की उतरते. सेकंदाला 217 वेळा चढ-उतार. मिक्सरला तो खराखुरा आवाज वाटतो आणि पेटीच्या सुराबरोबर तो हाही वाढवून पुढे पाठवतो.

आत शिरायची वाट म्हणजे वायर. 900 मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण 33 सेंटिमीटर असते आणि तिच्या पाव भागाएवढी, म्हणजे 8 सेंटिमीटरची तारसुद्धा चांगला अँटेना होते. माईकची केबल तर वीस-वीस मीटर असते.

मग टॉवर जवळ आला तर बरं कसं?

फोन आणि टॉवर यांच्यात सतत बोलणं चालू असतं. टॉवर फोनला सांगत असतो, "तुझं नीट ऐकू येतंय, आवाज कमी कर" किंवा "ऐकू येत नाही, जोरात बोल". समोर बसलेल्या माणसाशी आपण हळू बोलतो आणि पऱ्ह्यापलीकडच्याला हाक मारताना पोटातून ओरडतो, तसंच. 900 मेगाहर्ट्झवरचा 2जी फोन जवळच्या टॉवरशी काही मिलिवॅटमध्ये बोलू शकतो आणि लांबच्याशी 2 वॅटपर्यंत जोर लावतो. शेकडो पटींचा फरक आहे हा.

आता आपल्या जत्रा कुठे भरतात ते बघा. देऊळ खोलगट जागेत, चहूबाजूंनी डोंगर, राई, वर कौलं किंवा पत्रा. रेंजची एक काडी येते आणि जाते. अशा जागी प्रत्येक फोन घसा फोडून ओरडत असतो. कुडाळच्या बाजारात ज्या माईक-केबलवर कधी टर्रटर्र आली नाही, तीच आंबोलीच्या पायथ्याच्या देवळात रात्रभर छळते, त्याचं कारण हे आहे.

टॉवर जवळ आला की फोनांचा आवाज उतरतो. तो टॉवर अगदी देवळाच्या कुंपणाला लागून असेल तर त्याच्या स्वतःच्या लहरी त्रास देऊ शकतात, पण दोन-तीनशे मीटरवरच्या टॉवरपेक्षा माईकखाली ठेवलेला फोन तुमच्या केबलला कितीतरी जास्त जोराने गाठतो. एक बारकावा आहे. संपर्क जोडताना 2जी फोन पहिली हाक मोठ्याने मारतो, टॉवरने "कमी कर" म्हणेपर्यंत. म्हणून सुरुवातीची "टुक्-टुक्" नेहमी जास्त ठळक असते आणि टॉवर आला तरी ती पूर्ण जात नाही.

कोणाचे फोन काढून घ्यायचे?

जत्रेला हजार माणसं, हजार फोन. सगळ्यांना बंद करायला सांगणं अशक्य आहे आणि त्याची गरजही नाही. हे मला फार उशिरा कळलं.

अंतर वाढलं की लहर झपाट्याने विरळ होते. अंतर दुप्पट झालं की तिची ताकद चौथ्या हिश्शावर येते आणि आपली उलटी उघाडी ताकदीच्या प्रमाणातच आवाज काढते. म्हणजे माईकपासून 10 सेंटिमीटरवरचा फोन एका मीटरवर नेला तर टर्रटर्र साधारण शंभर पटींनी कमी होते. तीन मीटरवर नेला तर नऊशे पटींनी. समोर घोंगडीवर बसलेले प्रेक्षक पाच-सात मीटरवर असतात. त्यांचे फोन वाजले तर रिंगटोन ऐकू येईल, टर्रटर्र सहसा येणार नाही.

त्रास देणारे फोन आपल्याच लोकांचे असतात. पेटीवाले, मृदंगवाले, झांजवाले, रंगमंचावरचे नट आणि साउंडवाला. फार तर दहा-बारा माणसं.

त्यात पेटीवरचा फोन सगळ्यात वाईट. हल्ली बरेच बुवा तानपुऱ्याचं अ‍ॅप लावतात. फोन पेटीच्या फळीवर, पानाच्या डब्याशेजारी, उताणा ठेवलेला असतो आणि पेटीचा माईक त्याच्यापासून एक वीत लांब. एका जत्रेत पहाटे तीनच्या सुमारास एक ज्येष्ठ नट हरिश्चंद्राचा विलाप करत होते. आवाज बसलेला, पण त्या बसलेल्या आवाजातच काहीतरी होतं. मंडपात लहान पोरंही गप्प झाली होती. त्याच वेळी पेटीवरच्या फोनने टॉवर शोधायला सुरुवात केली. चाळीस सेकंद टर्रटर्र. ते नट पुढे रंगमंचावर उभे राहिले नाहीत. तेवढे चाळीस सेकंद मी आजही कुणाला ऐकवत नाही.

"पण मग तानपुरा कसा लावायचा?" असं एका बुवांनी मला विचारलं होतं. बुवा, विमानाचं चित्र असलेलं बटण दाबा, म्हणजे एअरप्लेन मोड. अ‍ॅप फोनमध्येच साठवलेलं असेल तर तानपुरा तसाच वाजत राहतो, फोन फक्त टॉवरशी बोलायचा थांबतो. इतकी साधी गोष्ट आहे, पण माहीत नसते.

"सायलेंटार असा मां!"

हे वाक्य मी प्रत्येक रात्री ऐकतो. सायलेंटवर टाकलेला फोन फक्त रिंगटोन वाजवत नाही. टॉवरशी त्याचं बोलणं चालूच असतं. कॉल आला, मेसेज आला, की बोललाच. काही आलं नाही तरी "मी इथे आहे" अशी हजेरी तो ठरावीक काळाने देतो. खोलगट जागेत रेंज सारखी जात-येत असल्यामुळे ही हजेरी वारंवार होते. व्हायब्रेशनवर टाकून पेटीच्या फळीवर ठेवलेला फोन तर लाकडातूनही घरघर पाठवतो. एअरप्लेन मोड किंवा पूर्ण बंद, यापेक्षा कमी काही उपयोगाचं नाही.

"आता 4जी-5जी आलं, तो जुना त्रास संपला"

बराचसा संपला, हे खरं. 4जी फोन सहसा 0.2 वॅटच्या वर जात नाही, म्हणजे 2जीच्या कमाल ताकदीचा दहावा हिस्सा, आणि त्याच्या लहरींच्या बऱ्याच पट्ट्यांत ती 217 वेळांची ठाशीव उघडझापही नसते. शहरातल्या कॉलेजातली मुलं मला सांगतात की त्यांनी हा आवाज ऐकलेलाच नाही.

पण 31 जुलै 1995 ला भारतात मोबाइल सुरू झाला तो 2जीवर, आणि काही कंपन्यांचं 2जी आजही चालू आहे. गावात बटणांचे फोन वापरणारी वडीलधारी माणसं त्यावरच आहेत. 4जीवर बोलायची सोय नसलेला किंवा चालू न केलेला स्मार्टफोन कॉल आला की खाली 2जीवर उतरतो. 4जीची रेंज गेली आणि 2जीची उरली, तरी उतरतो. म्हणजे जिथे रेंज वाईट तिथे फोन जुन्या, जास्त मोठ्याने ओरडणाऱ्या पद्धतीवर जातो. आपल्याकडच्या डोंगरात दोन्ही संकटं एकत्र येतात.

5जी आणि 4जीच्या काही पट्ट्यांतही फोन पाळीपाळीने बोलतो, त्यामुळे तिथेही बारीक करकर शक्य आहे, पण ताकद कमी असल्याने फोन माईकला अगदी चिकटलेला असेल तरच ती येते.

महागडी केबल घेतली तरी का येतं?

चांगल्या केबलचा उपयोग होतो, पण कुठे होतो ते बघून पैसे घाला.

माईकच्या कॅनन पिनच्या (तीन पिनांच्या गोल जोडणीच्या) केबलमध्ये पीळ घातलेल्या दोन तारा आणि वरून जाळी असते. आवाज दोन तारांतून एकमेकांच्या उलट जातो, बाहेरचा त्रास मात्र दोन्हींवर सारखाच बसतो. मिक्सर दोघांतला फरक घेतो. तराजूच्या दोन्ही पारड्यांत सारखं वजन टाकलं की काटा हलत नाही, तसा त्रास वजा होतो. विजेच्या घुमाऱ्यावर हे औषध उत्तम आहे. मोबाइलवर अर्धंच, कारण वजाबाकी होण्याआधीच लहर आतल्या ट्रान्झिस्टरपर्यंत पोचून आपलं काम करून मोकळी होते.

खरी मेख बऱ्याचदा केबलच्या टोकाला असते. ध्वनी अभियंता नील मन्सी यांनी 1995 मध्ये ती सविस्तर दाखवून दिली आणि 2005 मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीने त्यावर एईएस48 हे मानकही काढलं. कॅननची पहिली पिन म्हणजे जाळी. जाळीने पकडलेली लहर यंत्राच्या पत्र्याच्या पेटीला दारातच मिळायला हवी, म्हणजे ती बाहेरच्या बाहेर जिरते. अनेक यंत्रांत ती पिन तारेने आतल्या सर्किटला नेऊन जोडलेली असते. पन्हळीचं पाणी अंगणात सोडायच्या ऐवजी माजघरात आणून सोडावं तसा हा प्रकार. केबल कितीही भारी घ्या, माजघर भिजणारच. मिक्सर घेण्याआधी म्हणूनच फोन लावून बघावा, ते पुढे सांगतो.

कॉलर माईकच्या आत, आवाज पकडणाऱ्या कॅप्सूलपाशी, 33 आणि 10 पिकोफॅरडचे दोन इवलेसे कपॅसिटर बसवायची पद्धत आहे. पहिला साधारण 900 आणि दुसरा 1800 मेगाहर्ट्झच्या लहरीला तिथेच जमिनीची वाट दाखवतो. स्वस्तातल्या कॉलर माईकमध्ये ते नसले की फरक लगेच कानाला कळतो. केबलवर चाप लावायचे फेराइटचे मणी मिळतात, त्यांनीही थोडा उतार पडतो. दोन्ही गोष्टी फोन लांब ठेवल्यानंतरच्या, आधीच्या नव्हेत.

आपली खारी हवा

मालवण, वेंगुर्ला, देवगडच्या किनाऱ्यावर सामान ठेवणाऱ्यांनी याकडे जास्त लक्ष द्यावं. पावसाळ्यानंतर कॅननची पिन उघडून बघा. तांबं-पितळ जिथे उघडं आहे तिथे हिरवट थर दिसेल. हा थर नुसता अडथळा करत नाही. गंजलेला सांधा कधीकधी स्वतःच एका दिशेची झडप बनतो. पूर्वीच्या काळी खनिजाच्या खड्यावर बारीक तार टेकवून लोक रेडिओ ऐकत, ते याच गुणावर. आपल्याला पिनेत रेडिओ नको आहे. शिवाय गंजाने जाळीचा सांधा सुटला की केबलचं चिलखतच गळून पडतं.

मी दसऱ्याच्या आधी सगळे कॅनन खोलतो, कॉन्टॅक्ट क्लीनर मारून कापडाने पुसतो, जाळीचा टाका सैल असेल तर नवा घालतो आणि केबली सिलिका जेलच्या पुड्या टाकून झाकणाच्या डब्यात ठेवतो. दोन दिवस जातात. वर्षभर पुरतात.

जॅमर लावला तर?

नको. सरकारच्या खास परवानगीशिवाय जॅमर वापरणं बेकायदा आहे, दूरसंचार विभागाने हे वारंवार सांगितलं आहे. घरावर लावायचे सिग्नल बूस्टरही त्यातच येतात. जत्रेत कुणाला बरं वाटेनासं झालं तर रुग्णवाहिकेला फोन लागायला हवा, एवढं एक कारण पुरे. आणि जॅमर म्हणजे शेवटी त्याच पट्ट्यात लहरी सोडणारं यंत्र, ते माईकजवळ आणणं म्हणजे चोराला घरात घेणं.

लाइव्ह दाखवायचं असेल तर फोन बंद कसा करणार?

मुंबईतल्या चाकरमान्यांसाठी लाइव्ह हवंच असतं. त्यासाठी एक फोन वेगळा काढा आणि तो मिक्सरपासून तीन-चार मीटर लांब, तिकाटण्यावर ठेवा. मिक्सरमधून आवाज न्यायचा तो दोन तारा-जाळीच्या केबलने, आणि फोनच्या बाजूला मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची डबी (तारा थेट न जोडता आवाज पुढे देणारी) घाला. उरलेली केबल फोनपाशी वेटोळं करून टाकू नका. लाइव्हचा फोन सलग तासन्‌तास बोलत असतो, म्हणून त्याची जागा सगळ्यात आधी ठरवा.

आणि नंतर कॉम्प्युटरवर काढून टाकता येत नाही का?

थोडंफार येतं. टर्रटर्र एकट्या 217 वर थांबत नाही, 434, 651, 868 अशा तिच्या पटींवर पायऱ्या असतात. नेमक्या त्याच भागात माणसाचा गळा आणि पेटी असते. 217 तर पांढरी सहाच्या, म्हणजे 220 हर्ट्झच्या, जरासा खाली येतो. पायऱ्या कापल्या की बुवांचा आवाजही पोकळ होतो. सलग टर्रटर्र सॉफ्टवेअरला सापडते, सुरुवातीची तुटक "टुक्-टुक्" सापडत नाही. यापेक्षा मंडपाच्या दुसऱ्या टोकाला, लांब केबल नसलेला, बॅटरीवरचा एक छोटा रेकॉर्डर चालू ठेवावा. मुख्य रेकॉर्डिंगमध्ये खड्डा पडला तर तिथला तुकडा घालता येतो.

जत्रेआधी घरी करायची परीक्षा

एक फोन सेटिंगमधून फक्त 2जीवर ठेवा. हेडफोन घाला, रेकॉर्डिंग चालू करा आणि त्या फोनवरून कुणाला तरी कॉल लावा. तो चालू असताना फोन माईकपासून केबलच्या कडेकडेने, कॅननपाशी, मग मिक्सरच्या पाठीमागे असा हळूहळू न्या. जिथे टर्रटर्र एकदम वाढेल ती तुमची कमकुवत जागा. माझ्याकडे ती एका जुन्या केबलच्या टोकाला निघाली, जाळीचा टाका सुटलेला होता. दोन मिनिटांत सोल्डर केला. मिक्सर विकत घ्यायला गेलात तर दुकानातसुद्धा हीच परीक्षा करा, चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

त्या रात्री, टॉवर आल्यानंतरच्या पहिल्या जत्रेत, पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर मी रंगपटात, नट रंगतात त्या जागी, एक सूप घेऊन गेलो. मृदंगवाल्यांचा, झांजवाल्यांचा, नटांचा, माझा, सगळे फोन सुपात आणि सूप रंगपटातल्या पेटाऱ्यावर. पेटीवाल्यांकडे दोन फोन होते, एक सुपात दिला, तानपुऱ्याचा तेवढा एअरप्लेन मोडवर टाकून पेटीवर राहू दिला. पहाटे आख्यान संपल्यावर फोन परत देताना पेटीवाल्यांच्या सुपातल्या फोनवर चार मिस्ड कॉल दिसले, सगळे तीन ते चारच्या दरम्यानचे. तेवढ्या वेळाचं रेकॉर्डिंग मी घरी येऊन दोनदा ऐकलं. पेटी, मृदंग, झांज, नटांचे संवाद, आणि मागे कुठेतरी खाजंवाल्याशी भावावरून चाललेली कुणाची तरी हुज्जत, एवढंच होतं.